आधी आलेले, मागून आलेले

स्थलांतर, पूर्वग्रह आणि बहुसांस्कृतिकता हा विषय मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडतो तो बहुधा परदेशी वेष्टनात. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून बोलावलेले कामगार, कॅनडाने १९७१ साली जाहीर केलेले बहुसांस्कृतिक धोरण, फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत मुलींच्या डोक्यावरच्या रुमालाला घातलेली बंदी, आणि हा सगळा प्रयोग फसला असे २०१० साली जर्मनीच्या चान्सेलर अँगेला मर्केल यांनी जाहीरपणे सांगणे, हा या अभ्यासाचा ठरलेला पाठ आहे. तो वाचायला हवाच. पण तेवढेच वाचलेला विद्यार्थी एक प्रश्न तयार घेऊन बाहेर पडतो: बाहेरून आलेले मुसलमान इथल्या समाजात मिसळतील की नाही? या प्रश्नाच्या पोटात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. इथला समाज एकजिनसी आहे, तो पहिल्यापासून इथलाच आहे, आणि बाहेरून आले ते फक्त मुसलमान.

पांढरकवड्याहून दक्षिणेला निघून पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. तिथे या तिन्हींपैकी एकही गृहीत टिकत नाही. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाला मी बर्लिनच्या आधी आदिलाबादला नेतो.

आदिलाबाद म्हणताना माझ्या मनात जुना, अखंड जिल्हा आहे. २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमराम भीम असिफाबाद असे चार तुकडे झाले. पण त्याआधीही त्याच्या सीमा काही कमी हलल्या नव्हत्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत या जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले; उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्रात गेली. भाषेच्या नावाने ओढलेली ती रेघ भाषेलाही धड पाळता आली नाही. भैंशाच्या आडत बाजारात आजही मराठी चालते, आणि असिफाबादच्या केरामेरी मंडळात परंडोळी, मुकदमगुडा, अंतापूर यांसारखी चौदा गावे अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथले लोक दोन्ही राज्यांत मतदान करतात. त्यांतली कित्येक कुटुंबे दुष्काळामुळे मराठवाड्यातून बाहेर पडून या डोंगरात स्थिरावलेली आहेत. ती तेलंगणात ‘मिसळली’ का, असा प्रश्न आजवर कुणी विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. हा प्रश्न कुणाला विचारला जातो आणि कुणाला माफ असतो, इथूनच आपल्या अभ्यासाला सुरुवात होते.

गोंड आणि कोलाम हे इथले जुने लोक. गोंडांवर चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. ती १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी संपवली. म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या यादीत आपणच वरच्या ओळीत आहोत. पुढे निजामाच्या अमलात रस्ते झाले, रेल्वे आली, कापसाला भाव आला आणि माणसांची रीघ लागली. वऱ्हाड-मराठवाड्यातले कुणबी आले, तेलुगू मुलखातले कोमटी व्यापारी आले, हैदराबादेतून अंमलदार आणि कारकून आले, बंजारे तांडे घेऊन आले, कागजनगरच्या कागद गिरणीत आणि सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणींत चारी बाजूंचे मजूर आले. या गर्दीत मुसलमानही होते, आणि तेही एका जातीचे वा एका मुलखातले नव्हते.

हैदराबाद संस्थानातला ‘बाहेरून आलेला मुसलमान’ म्हणजे नेमका कोण, हे आधी उलगडून घ्यावे लागते. मराठवाड्यात आपण ज्यांना चाऊस म्हणतो ते अरब, दक्षिण अरबस्तानातल्या हद्रामौत प्रांतातून निजामाच्या आणि त्याच्या सरदारांच्या पदरी शिपाई म्हणून आलेले. रोहिलखंडातून आणि सरहद्दीपलीकडून आलेले पठाण. खेड्यातल्या बोलण्यात ते सगळेच रोहिले. शिपाईगिरी सुटल्यावर यांतल्या अनेकांनी सावकारी धरली आणि त्यांच्या वसुलीची दहशत गोदाकाठच्या गावांनी अनुभवली. तिसरा गट उत्तर हिंदुस्तानातून आलेल्या सुशिक्षित अधिकाऱ्यांचा. चौथा, १९४७-४८ मध्ये आसपासच्या प्रांतांतून निजामाच्या आसऱ्याला आलेल्या निर्वासितांचा. या चौघांची भाषा, मान, मिळकत यांत इतके अंतर होते की अलीगढचा पदवीधर तालुकदार आणि दारावर बंदूक घेऊन बसलेला चाऊस एकमेकांना आपले समजत असतील, असे समजायला फारसा आधार नाही.

निर्मलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८५७ चा उठाव उत्तरेत विझल्यावरही इथे रामजी गोंडाच्या नेतृत्वाखाली गोंड आणि रोहिले मिळून इंग्रज आणि निजाम यांच्या फौजांशी लढत राहिले. १८६० साली रामजी पकडला गेला आणि त्याला साथीदारांसह निर्मलला वडाच्या झाडावर फाशी देण्यात आली. ‘हजार फासांचा वड’ या अर्थाचे त्या झाडाचे तेलुगू नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. सरकारी कागदांत हे रोहिले म्हणजे लुटारू. त्यांच्यातले काही तसे असतीलही. भाडोत्री शिपायाची रोजी सुटली की तो काय करतो, हे पेंढाऱ्यांच्या इतिहासावरून आपल्याला माहीत आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. बाहेरून आलेला मुसलमान आणि मूळचा आदिवासी या जोडीची या जिल्ह्यातली पहिली ठळक नोंद एकाच झाडावरच्या फाशीची आहे. आजच्या बातम्या वाचून उलट दिशेने इतिहास लिहायला बसणाऱ्याने ती पुसून पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळापासून उत्तरेतले लोक हैदराबादच्या कारभारात वरच्या जागा पटकावू लागले, तसा स्थानिकांचा राग साठत गेला आणि ‘मुल्की’ विरुद्ध ‘गैरमुल्की’ असे दोन पक्ष पडले. १९१९ च्या फर्मानाने त्याला नियमाचे रूप मिळाले: जन्माने किंवा सलग पंधरा वर्षांच्या वास्तव्याने जो मुल्की ठरेल त्यालाच सरकारी नोकरी. या भांडणात स्थानिक मुसलमान आणि स्थानिक हिंदू एका बाजूला होते आणि समोर उत्तरेतले मुसलमान आणि कायस्थ होते. मुस्लिम राजाच्या राज्यात मुस्लिम स्थलांतरिताविरुद्ध तक्रार करणारा पुष्कळदा मुसलमानच होता. हे चित्र आजच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच ते उपयोगाचे. पुढे हाच शब्द, हाच नियम १९५२ साली आणि मग १९६९ साली किनारी आंध्रातून आलेल्यांविरुद्ध वापरला गेला. ते तर बहुतांश हिंदू आणि भाषेने तेलुगू. धर्म एक, भाषा एक, तरीही उपरे. ‘मिसळणे’ म्हणजे काय, याचे उत्तर संस्कृतीत शोधणाऱ्याला मुल्कीच्या इतिहासाने अडवलेच पाहिजे. इथे भांडण नोकरीच्या जागांचे होते, आणि संस्कृतीची भाषा त्याच्या मदतीला नंतर आली.

हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मात्र धर्माचे पारडे जड झाले. निजामाची बाजू घेऊन लढणाऱ्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची आठवण मराठवाड्याच्या घराघरांत आहे आणि ती खरी आहे. त्यानंतर मुसलमानांवर जे ओढवले तेही खरे आहे, पण ते फारसे सांगितले गेले नाही. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यान बांधला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले. तो अहवाल पुढची सहा दशके लोकांसमोर आला नाही. दोन्ही दुःखे एका वाक्यात मांडली की कुणीतरी रागावते. पण या क्षेत्रात काम करायचे तर तो राग पत्करावा लागतो.

याच वेळी ‘मुस्लिम स्थलांतरित’ हा नव्या राज्याच्या कारभाराचा प्रश्न झाला. अरब आणि पठाण परके ठरवून त्यांना ताब्यात घेण्याचे आणि मूळ देशी परत धाडण्याचे प्रयत्न झाले. टेलर शर्मन यांनी हैदराबादमधल्या या काळाचा जो अभ्यास केला आहे, तो या क्षेत्रातल्या प्रत्येक नवागताने वाचावा. अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. ज्याला ‘अरब’ म्हणून धरले तो दोन-तीन पिढ्यांपासून इथला, त्याची आई दखनी, तो बोलतो उर्दू किंवा मराठी, आणि हद्रामौत त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तिकडे हद्रामौतमध्ये दुष्काळ, आणि इंग्रजांचे एडनचे प्रशासन या माणसांना घ्यायला नाखूश. शेवटी बहुतेक जण राहिले. नांदेड-परभणीत, हैदराबादच्या बारकसमध्ये त्यांची नातवंडे-पतवंडे आज दुकाने, वकिली, राजकारण करताना दिसतात. परत पाठवण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न राज्याला पुन्हा स्वतःला विचारावा लागला: माणूस किती पिढ्यांनी इथला होतो? १९१९ च्या फर्मानाने पंधरा वर्षे म्हटले होते. १९५० च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य आणि इथेच घर, असे मोजमाप दिले. गावाने मात्र अजून आकडा सांगितलेला नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण आदिलाबादचा सगळा विषय तिथे येऊन थांबतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निजाम सरकारने राखीव जंगलाच्या रेघा आखल्या. पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणारे गोंड आणि कोलाम एका रात्रीत अतिक्रमणदार झाले. जी जमीन जंगलाबाहेर उरली तिचे पट्टे कागद वाचता येणाऱ्यांनी आपल्या नावावर करून घेतले. त्यांत कुणबी होते, कोमटी होते, ब्राह्मण वतनदार होते, मुसलमान अंमलदार आणि त्यांचे नातेवाईक होते. गोंडांचा पुढारी कुमराम भीम याच्या कथेची सुरुवात सुरदापूरच्या सिद्दीकी नावाच्या पट्टेदारापासून होते. त्याच्याशी झालेल्या झटापटीत तो भीमच्या हातून मारला गेला आणि भीम फरार झाला. बाबेझरी-जोडेघाटच्या पाड्यांसाठी त्याने लढा दिला आणि १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. फौज घेऊन आलेला तालुकदार अब्दुल सत्तार. आणि लोककथा सांगते की भीमचा ठावठिकाणा सांगणारा कुर्दू पटेल, म्हणजे त्याच्याच माणसांतला.

हे बंड झाले म्हणूनच निजाम सरकारला मानववंशशास्त्रज्ञाची गरज वाटली. व्हिएन्नाचा क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये हिंदुस्तानात होता आणि त्याच्या हाती जर्मन पासपोर्ट होता. युद्ध सुरू होताच तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याला हैदराबाद संस्थानाबाहेर जायची मनाई झाली. आदिलाबादच्या उपऱ्यांचा सर्वांत कसून अभ्यास करणारा माणूस स्वतः नजरकैदेतला परदेशी होता. पत्नी एलिझाबेथसह तो मार्लवाईला राहिला, गोंडी शिकला, आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्याच पुढाकाराने १९४३ च्या सुमाराला मार्लवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. गोंड आणि कोलामांना दीड लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे मिळाले ते याच काळात. ते टिकले का? १९८२ मध्ये भारतातल्या जमातींवर लिहिताना हायमेनडॉर्फने आपल्या देखत दिलेली जमीन कशी हातची गेली, हे स्पष्टपणे नोंदवले. मधल्या काळात १९५९ चा जमीन हस्तांतर प्रतिबंधाचा कायदा झाला होता, १९७० साली तो ‘एक-सत्तर’ म्हणून आणखी कडक झाला होता, आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार होऊन सरकारी आकड्याप्रमाणे तेरा माणसे मेली होती.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. उपऱ्यांविषयी बोलताना आपला स्वर नेहमी भूमिपुत्राचा असतो. १९६० नंतरच्या मुंबईने तो आपल्या कानात बसवला आहे. पैनगंगेच्या पलीकडे मात्र तो स्वर लावता येत नाही. तिथे आपण कुणब्याच्या रूपाने जमीन घेणारे आणि देशमुख-कुलकर्ण्याच्या रूपाने ती जमीन वहीत चढवणारे आहोत. एक मराठी माणूस मात्र वेगळ्या वाटेने गेला. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेत असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गोंडीचे व्याकरण लिहिले. त्याच पगडींनी मराठी वाचकाला सूफी संप्रदायाची आणि उर्दू कवितेची ओळख करून दिली. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. या क्षेत्रासाठी त्यांचे आदिलाबादचे काम त्याहून कमी मोलाचे नाही, आणि मराठी विद्यापीठांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही असे माझे मत आहे.

बंजाऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मुसलमानांची गोष्ट कळत नाही. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातले लंबाडा, म्हणजे तिथले बंजारे, अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त-भटक्यांतच राहिले. नदीच्या एका काठावर जमात, दुसऱ्या काठावर नाही. साहजिकच काठ बदलले गेले. २०१७ च्या अखेरीस गोंड-कोलाम संघटना आणि लंबाडा यांच्यातला संघर्ष उटनूर परिसरात रस्त्यावर आला. आरोप सगळे ओळखीचे: हे बाहेरून आले, आमच्या सवलती खाल्ल्या, आमच्या शाळांत शिक्षक म्हणून बसले, यांची संख्या वाढते आहे. युरोपात जे मुसलमानांविषयी बोलले जाते ते इथे एका हिंदू, कष्टकरी, स्वतःच वंचित असलेल्या समाजाविषयी बोलले गेले. पूर्वग्रहाला त्याचे शब्द आधीच पाठ असतात. माणूस मागून मिळतो.

आता पूर्वग्रहाचे शास्त्र. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ साली मांडलेले संपर्काचे गृहीतक या क्षेत्राचे मुळाक्षर आहे: दोन गट एकमेकांच्या सहवासात आले तर पूर्वग्रह ओसरतो, मात्र त्यासाठी दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, सहकार्य हवे आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. बहुतेकांना पहिला अर्धा भाग लक्षात राहतो. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात हैदराबाद-लखनौसारख्या शहरांच्या जोड्या तपासून आणखी एक भेद केला. खेड्यात रोजची उठबस पुरते. शहरात दंगल थोपवायला दोन्ही धर्मांची माणसे असलेल्या संस्था लागतात, म्हणजे व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्ष. त्याआधी १९०८ साली गेओर्ग झिमेलने परक्याविषयी जे लिहिले त्यात हा परका बहुधा व्यापारी असतो: येतो आणि राहतो, जवळ असतो आणि दूरही.

जैनूर हे उटनूरच्या डोंगरांतले बाजारगाव या तिन्ही सिद्धांतांना एकदम सामोरे जाते. ते अनुसूचित क्षेत्रात आहे; बिगरआदिवासीला तिथे जमीन घेता येत नाही, पण व्यापार त्यांच्याच हाती, आणि त्यात मुसलमान दुकानदार, मेकॅनिक, रिक्षावाले पुष्कळ. गोंड बाई बाजाराला येते, उधारीवर किराणा घेते, रिक्षाने घरी जाते. संपर्क रोजचा आहे, समान दर्जाचा मात्र नाही. खेड्याची ओळखदेख आहे, पण गाव आता खेडे राहिलेले नाही. आणि शहरातल्यासारख्या सामाईक संस्था अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस या परिसरात एका आदिवासी स्त्रीवर रिक्षाचालकाने हल्ला केल्याचा गंभीर गुन्हा उघडकीला आला. आरोपी मुसलमान होता आणि त्याला अटक झाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठा जमाव जैनूरच्या बाजारात शिरला. मुसलमानांची दुकाने आणि घरे जाळली गेली, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडले.

या घटनेचे दोन सोपे अर्थ लगेच लावले गेले. एक: आदिवासींचा उद्रेक. दुसरा: बाहेरून आलेल्या राजकारणाने भडकवलेली धार्मिक दंगल. मला दोन्ही अपुरे वाटतात. स्त्रीवरचा अत्याचार खरा. बिगरआदिवासींनी डोंगर पोखरल्याची तक्रार त्याहून जुनी आणि तीही खरी. पण ज्यांनी जमिनी घेतल्या ते कोमटी, कुणबी, देशमुख आणि अंमलदार. जळले ते पंक्चर काढणाऱ्याचे आणि कपडे विकणाऱ्याचे दुकान. खऱ्या तक्रारीचा हिशेब एका माणसाच्या गुन्ह्यामागून त्याच्या सगळ्या समाजाच्या नावावर कसा मांडला जातो, हा या क्षेत्राचा गाभ्याचा प्रश्न आहे. तक्रार खोटी ठरवून तो सुटत नाही. उदारमतवादी अभ्यासक इथे हमखास अडखळतात. त्यांना पूर्वग्रह म्हणजे निव्वळ अज्ञान वाटते. जैनूरमध्ये अज्ञान नव्हते. लोक एकमेकांना नावानिशी ओळखत होते.

भैंशाचे प्रकरण वेगळ्या जातीचे आहे आणि त्याला जैनूरच्या रांगेत बसवू नये. तिथे जमिनीचा, जमातीचा प्रश्न नाही. मिरवणुकीचा रस्ता, निवडणूक आणि दोन्हीकडे तयार बसलेली मंडळी आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे दंगल उसळली आणि जवळच्या वाटोली गावात एका मुस्लिम कुटुंबातली सहा माणसे घरात जाळून मारली गेली. २०२० आणि २०२१ मध्ये गावाने पुन्हा दंगली पाहिल्या. पॉल ब्रास दंगलीमागच्या तयार यंत्रणेविषयी जे लिहितो ते भैंशाला लागू पडते. जैनूरला ते अर्धेच लागू पडते.

आठवणीचे राजकारण हा या विषयाचा सर्वांत अलीकडचा आणि तरुण विद्यार्थ्याला चटकन भिडणारा भाग. २०२० साली एस. एस. राजमौली यांच्या ‘आरआरआर’ची झलक आली. त्यात भीमवरून रचलेले पात्र डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा अशा मुस्लिम वेषात दिसले आणि आदिलाबादच्या तत्कालीन खासदारांसह काही नेत्यांनी चित्रपट बंद पाडण्याची भाषा केली. निजामाशी लढलेल्या वीराला टोपी घालणे म्हणजे अपमान, असा युक्तिवाद. चित्रपट काल्पनिकच आहे. भीम दिल्लीला गेला नाही की त्याने वेषांतर केले नाही. पण रोहिल्यांच्या खांद्याला खांदा लावून मेलेला रामजी गोंड आणि मुसलमान अंमलदाराच्या फौजेने मारलेला भीम हे दोघे एकाच जिल्ह्याचे हुतात्मे आहेत, ऐंशी वर्षांच्या अंतराने. कुणाचा पुतळा कुठे, कुणाची जयंती किती मोठी, आणि रामजीच्या कथेतून रोहिले कुठल्या दशकात गळून पडले, याचा शोध घेणे हे एखाद्या चांगल्या प्रबंधाचे काम आहे.

महाराष्ट्रात या चर्चेला स्वतःची परंपरा आहे हेही नवागताने ध्यानात ठेवावे. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून प्रश्न समाजाच्या आतून विचारला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी मुसलमान बाहेरचा नाहीच, हे इतिहासाच्या आधाराने मांडले. दलवाई आणि बेन्नूर यांच्या भूमिका वेगळ्या. एकाला सुधारणेची घाई होती, दुसऱ्याला सुधारणेच्या आडून येणाऱ्या तुच्छतेची चीड. ब्रिटनमध्ये भिखू पारेख आणि तारिक मोदूद यांनी हाच वाद वेगळ्या भूमीवर लढवला आहे; पारेखांचे २००० सालचे पुस्तक दलवाईंच्या लेखनाशेजारी ठेवून वाचले तर दोघेही अधिक कळतात.

राहिले कामाचे. आदिलाबादेत अभ्यास करायचा तर उर्दू लिपी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. निजामकालीन महसुली कागद तिच्यात आहेत आणि हैदराबादच्या तारनाक्याला राज्य अभिलेखागारात ते पाहता येतात. कागदावरचे साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले, असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येते. हैदराबाद राज्याचा आदिवासी क्षेत्र विनियम १३५६ फसलीचा, म्हणजे १९४६ चा. मराठी तुमच्याकडे आहेच. तिचा उपयोग आंध आणि परधान या जमातींच्या वस्त्यांत होईल, कारण आंध घरातही मराठी बोलतात. तेलुगू कामापुरती हवी. गोंडी आली नाही तर दुभाष्यावर विसंबावे लागेल, आणि दुभाष्या बहुधा कुणातरी गटाचा असतो.

मुलाखतीला जाताना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. आपल्याकडे तो सहज विचारला जातो. इथे तो तलाठ्याचा, पोलिसाचा आणि मोर्चेकऱ्याचा प्रश्न आहे. जैनूरसारख्या ठिकाणी कुणाचे नाव, दुकान, नाते छापायचे नाही, मग तो माणूस कितीही आग्रहाने सांगो. त्याऐवजी एक गाव घ्या. त्याची १९५४-५५ ची खासरा पहाणी मिळवा. तेलंगणात जमिनीच्या प्रत्येक वादात वकील आजही तिच्याकडे धावतात. पट्टेदार आणि प्रत्यक्ष कसणारा असे दोन्ही रकाने तिच्यात असतात. ती नावे एका कागदावर उतरवा. शेजारी आजच्या सातबारासारख्या नोंदीतली नावे लिहा आणि मधल्या सत्तर वर्षांत कुठले नाव कुठल्या नावाला, कुठल्या साली, किती कर्जापोटी गेले हे एकेका घरी विचारत जा. धर्माचा रकाना त्या पहाणीत नाही. तो तुम्ही भरायला घ्याल तेव्हा कुठल्या ओळीवर हात थबकतो, ते वहीत टिपून ठेवा.